लढायची केस

४ फेब्रुवारी

प्रिय ताई,

नमस्कार. इकडे आम्ही दोघंही बरे आहोत. तूही बरी असशील, गुडघ्याला पट्टा लावत असशील आणि दिवसभर उभ्याने कापड बेतत नसशील, असं मी समजून चालतो. समजायला काय जातंय!

तुझ्या भावजयीने स्वयंपाकघरातला गळका नळ स्वतः पाना घेऊन दुरुस्त केला. आता तो गळत नाही, फक्त उघडतही नाही. मी एक शब्द बोललो नाही. बावीस वर्षांच्या संसारात एवढं तर शिकलोच आहे.

कोर्टात नवीन पट्टेवाला आलाय. माणूस लाख चांगला, पण आवाज असा की पुकारा करतोय की कानात गुपित सांगतोय तेच कळत नाही. परवा एक आजोबा तीन वेळा पुकारा होऊनही बाकावर शांत बसलेले. न्यायाधीशबाई शेवटी स्वतःच दारापर्यंत आल्या आणि म्हणाल्या, "अहो आजोबा, तुम्हीच ना ते?" अख्खा व्हरांडा हसला.

नेमून दिलेली कामं अजून घेतो. ज्याला वकील परवडत नाही त्याला कोर्ट यादीतलं पुढचं नाव देतं, आणि त्या यादीत मी अजून आहे. बाररूममधले मित्र चिडवतात, "काय, निघाली का फुकट कामांची वरात?" चिडवू देत. मी ही कामं का घेतो ते तुला माहीत आहे. सनद मिळाली त्या दिवशी पेढा वगैरे काही न मागता तू म्हणाली होतीस, "एवढं कर, समोरच्या माणसाला पाच मिनिटांपेक्षा जास्त वेळ दे."

गेल्या महिन्यात एक बाई होती. लोकांच्या घरी आजारी म्हाताऱ्यांची देखभाल करणारी, सगळे तिला मावशीच म्हणतात. पन्नाशीची असेल. एका आजींची अंगठी नाहीशी झाली आणि सुनेने हिच्यावर तक्रार केली. तिने गुन्हा कबूल केला, तीन महिन्यांची शिक्षा झाली. विशेष काही नाही, आपलं सहज आठवलं म्हणून लिहिलं.

बरं, तुमच्या गावातला बायकांचा तुरुंग अजून जुन्या गिरणीमागेच आहे ना? तुझ्या दुकानापासून किती लांब पडतो? आणि बाबांच्या त्या वकिलाचं पुढे काय झालं, तुला कधी कळलं का?

उत्तर सवडीने लिही. घाई नाही.

तुझा,
धाकटा


१० फेब्रुवारी

प्रिय ताई,

तुझं कार्ड मिळालं. अडीच ओळी! "पत्र पोचलं. नळाचं वाचलं. तू काय केलं आहेस ते लिही."

नमस्कार राहिला. नमस्कार.

तुझ्यापासून काही लपवायचं म्हणजे मांजराने डोळे मिटून दूध पिण्यासारखं. लहानपणी काचेची बरणी फोडली तेव्हाही मी तुला हवापाण्याचंच सांगत होतो. तर आता नीट सांगतो. मधे थांबलो तर पुन्हा हातात पेन घेणार नाही, म्हणून एकदम.

मी फाइलवर चिठ्ठी टाचतो, ही सवय तुझीच. तू शर्ट-पँटला गिऱ्हाइकाची चिठ्ठी टाचतेस, 'दोन बोटं आखूड', 'कंबर सैल'. मी नेमून दिलेल्या कामांच्या फाइली आदल्या संध्याकाळी जेवणाच्या टेबलावर मांडतो, एकेक वाचतो आणि वर चार ओळींची चिठ्ठी टाचतो. सकाळी व्हरांड्यात अशिलाशी बोलताना अख्खी फाइल चाळायला वेळ नसतो. चिठ्ठी बघायची आणि बोलायचं. एकोणीस वर्षं हे असंच चाललंय.

वीस जानेवारीला माझ्याकडे अशा दोन फाइली होत्या. दोन्ही बायका, दोन्ही चोरीच्या. एक मावशी. दुसरी एक तरुण बाई, तिने दुकानातून अत्तराच्या दोन बाटल्या पर्समध्ये टाकल्या होत्या. आम्ही बाररूममध्ये तिला अत्तरवालीच म्हणतो. तिच्या दुकानात कॅमेरा आहे आणि कॅमेऱ्यात ती, तिची पर्स, बाटल्या, सगळं लख्ख दिसतंय.

चिठ्ठ्या मी उलट्यासुलट्या टाचल्या.

सकाळी मावशी व्हरांड्यातल्या बाकाच्या अगदी टोकाला बसली होती, दुसऱ्या कुणाला जागा कमी पडू नये अशी. मी चिठ्ठी बघितली. 'कॅमेऱ्यात स्पष्ट. बचाव नाही. कबुली दिलेली बरी.' अक्षर माझंच. मी म्हणालो, "हे बघा बाई, कॅमेऱ्यात तुम्ही दिसताय."

ती म्हणाली, "मी?"

"हो. अगदी स्पष्ट."

मग म्हणाली, "कॅमेरा खोटं बोलत नसेल ना साहेब?"

मी म्हणालो, "नाही बाई, कॅमेरा कशाला खोटं बोलेल?"

तर म्हणाली, "मग घेतली असेन मी. आजींना झोप नाही, मग मलाही नाही. दोन-दोन दिवस डोळ्याला डोळा नसतो. डोकं ठिकाणावर राहत नाही. एकदा मी दूध म्हणून तांदळाचं धुवण तापवत ठेवलं होतं. घेतली असेन, ठेवली असेन कुठेतरी."

ताई, इथे मी थांबायला हवं होतं. अंगठी नेमकी कुठून घेताना दिसतेय, असं तिने विचारलं असतं तर मी फाइल उघडली असती. तिने विचारलं नाही. मी शिकलेला, काळ्या कोटातला, मी सांगतोय म्हणजे खरंच असणार. आणि मी, मला तेव्हा काय वाटलं सांगू? मला वाटलं, बरं झालं, समजूतदार अशील मिळालं.

न्यायाधीशबाईंनी तिला विचारलं, "समजून कबूल करताय ना? कुणी दबाव आणला नाही ना?" ती म्हणाली, "नाही बाई, साहेबांनी नीट समजावलं."

किती मिनिटं बोललो तिच्याशी, ते विचारू नकोस. तुला आकडा माहीत आहे.

अत्तरवालीच्या केसला त्या दिवशी साक्षीदार आला नाही, म्हणून पुढची तारीख पडली, तीन फेब्रुवारी. तीन तारखेला मी तिची फाइल उघडली आणि वर माझ्याच अक्षरात चिठ्ठी: 'आजींची अंगठी. साक्षीदार नाही. कॅमेरा नाही. फक्त सुनेचा संशय. लढायची केस.' खाली मी दोन रेघाही मारल्या होत्या. लढायची केस! मी तिथेच बाकावर बसलो. मावशी बसली होती त्याच बाकावर.

आता याहून वाईट ते सांगतो. ही गोष्ट तीन तारखेची. तुला पहिलं पत्र लिहिलं चार तारखेला. आज दहा. म्हणजे सात दिवस मला माहीत आहे आणि ती आत आहे. या सात दिवसांत मी जेवलो, नळाला नवा वॉशर आणला, दुसऱ्या दोन केसेस चालवल्या.

बाररूममधल्या एका ज्येष्ठ मित्राला सांगितलं. त्याने इकडेतिकडे बघून खुर्ची जवळ ओढली. म्हणाला, "कबुली तिने दिली, तू नाहीस. दोन महिन्यांत ती बाहेर येईल आणि विसरेल. तू मात्र कबुली रद्द करायचा अर्ज केलास तर जन्मभर 'चिठ्ठीवाला' म्हणून ओळखला जाशील. हात दाखवून अवलक्षण कशाला? अळीमिळी गुपचिळी." माणूस वाईट नाही ग. माझ्या भल्याचंच सांगत होता. आणि मी सात दिवस त्याचं ऐकलं.

आता तुला कळलं असेल मी बाबांच्या वकिलाबद्दल का विचारलं. बाबा कामाला होते त्या गोदामातून तांब्याच्या तारेची चार वेटोळी चोरीला गेली आणि वहीत सही बाबांची. तो वकील आला, पाच मिनिटं बोलला, "सही तुमचीच आहे ना? मग कबूल करा, सहा महिन्यांत घरी याल." बाबा कबूल झाले. सहा महिन्यांनी घरीही आले. पण कुठलं गोदाम त्यांना परत घेणार? तू नववीतून शाळा सोडलीस आणि शर्टांच्या कारखान्यात कॉलर शिवायला बसलीस. माझ्या पुस्तकांना कव्हर घालायला कारखान्यातला खाकी कागद आणायचीस. तुझ्या त्या कॉलरींवर शिकून मी वकील झालो आणि नेमका तोच वकील झालो.

तुझ्या दुकानात चिठ्ठ्यांची अदलाबदल झाली तर तू काय करतेस?

तुझा,
धाकटा


१९ फेब्रुवारी

प्रिय ताई,

तुझं कार्ड तेरा तारखेला मिळालं. एकच शब्द. "उसवते."

खरं सांगतो, ते यायच्या आधीच, अकरा तारखेला, मी अर्ज तयार केला होता. हे बढाई म्हणून नाही सांगत. तुला पत्र लिहून पेटीत टाकलं आणि लक्षात आलं की आता तुला माहीत आहे, आता पळायला जागा नाही. म्हणजे अर्ज तुझ्याच भीतीने केला. पण कार्ड मी काळ्या कोटाच्या आतल्या खिशात ठेवलं आणि अजून तिथेच आहे.

बारा तारखेला अर्जावर मावशीची सही घ्यायला तुमच्या गावच्या तुरुंगात गेलो. बस तुझ्या दुकानासमोरूनच गेली. तू मशीनवर वाकलेली दिसलीस. चष्मा नवीन घेतलास ना? मी उतरलो नाही. तीन वर्षं आपण समोरासमोर बोललो नाही, फोनवर तू "बरं, ठेवते" म्हणतेस, आणि असा चोरासारखा तुझ्या दारात येऊन उभा कसा राहू? पुढच्या थांब्यावर उतरलो.

मावशी जाळीपलीकडे आली. बारीक झाली होती. मी म्हणालो, "माझ्याकडून चूक झाली, कागद चुकीचा वाचला. तुमची कबुली परत घ्यायची आहे, इथे सही करा." तिने सही केली. मग म्हणाली, "तुम्हाला त्रास नाही ना होणार साहेब?" मी कागद घेतला आणि पळालो. सगळं नीट समजावून सांगायचं पुन्हा राहिलं. बघ, जित्याची खोड!

अठरा तारखेला, म्हणजे काल, सुनावणी होती. तिला गाडीतून आणलं. पायात जाडजूड लोकरीचे मोजे, निळे, टाचेला दुहेरी वीण. मी बघतच राहिलो. ताई, ती टाच मी जगात कुठेही ओळखेन! शाळेत असताना माझे बूट फाटायचे पण मोजे कधी फाटले नाहीत.

मी विचारलं, "हे कुणी दिले?"

म्हणाली, "तुमच्या ताईंनी. दोन रविवार आल्या की. साबण आणला, तेल आणलं. पहिल्यांदा आल्या तेव्हा मला म्हणाल्या, 'मी त्या वकिलाची बहीण, दोन शिव्या द्यायच्या असतील तर मला दे, मी पोचवते.'"

म्हणजे माझं पहिलं पत्र वाचूनच तू निघालीस! मी सहज आठवलं म्हणून लिहिलं होतं आणि तू सरळ उठून तुरुंगाच्या दारात. आणि मला कळवलं नाहीस.

मग तिने मला बाकावर बसायला सांगितलं. मी बसलो. ती म्हणाली, "साहेब, ताई म्हणतात मी घेतली नाही. पण त्यांनी कागद नाहीत बघितले. तुम्ही बघितलेत. तुम्ही सांगा. कॅमेऱ्यात मी आहे का?"

मी म्हणालो, "नाही."

"मग कोण आहे?"

"त्या घरात कॅमेराच नाही, मावशी. तो दुसऱ्या बाईचा कागद होता. माझ्या हातून अदलाबदल झाली. तुम्ही अंगठी घेतलीत असं कुणीही पाहिलेलं नाही. चूक सगळी माझी आहे."

तिने दोन्ही हात तोंडावर ठेवले. मला वाटलं आता ही मला बोलणार, आणि बोलायलाच हवं होतं. तर ती हळूच म्हणाली, "मग मी नाही घेतली." आणि परत, "नाही घेतली ना मी? रोज आठवत होते हो. त्या घरातलं एकेक कपाट मनात उघडून बघत होते, कुठे ठेवली असेन म्हणून. आठवायचंच नाही. मला वाटलं डोकंच गेलं माझं. एकोणतीस दिवस मी स्वतःला चोर समजत होते." आणि मग ती रडली. मीही रडलो ग. काळा कोट घालून, भर व्हरांड्यात. नवा पट्टेवाला आला, आमच्याकडे बघितलं आणि पुकारा न करताच परत गेला.

आत गेल्यावर न्यायाधीशबाई म्हणाल्या, "वकीलसाहेब, तुम्ही जे सांगताय ते मला लिहून घ्यावं लागेल. घेऊ?" मी म्हणालो, "घ्या." दोन्ही चिठ्ठ्या समोर ठेवल्या. सरकारी वकिलानेही विरोध केला नाही, नुसता चिठ्ठ्यांकडे बघत राहिला. बहुतेक त्याला स्वतःच्या फाइली आठवत असाव्यात. कबुली रद्द झाली. मावशी जामिनावर सुटली. केस आता पहिल्यापासून चालेल आणि तिला दुसरी वकील नेमून दिली आहे. तरुण आहे, चिठ्ठी टाचत नाही, अख्खी फाइल वाचते. माझं नाव यादीतून वर्षभरासाठी काढलं. बाररूममध्ये मी आता खरोखर 'चिठ्ठीवाला' आहे. एकाने तर आज चहासोबत कागदाचा चिटोरा आणि टाचणी आणून ठेवली. हसलो. दुसरं काय करणार?

जाताना मावशी म्हणाली, "तुमच्या ताई तुमच्यावर रागावल्या नाहीत बरं का. मी विचारलं त्यांना. म्हणाल्या, 'चुकतो माणूस. आमच्या वडिलांचा वकीलही चुकला होता. मी त्याला पत्र लिहिलं होतं, चौदा वर्षांची होते, परत या म्हणून. तो काही आला नाही. हा येईल.'"

ताई, तू त्या वकिलाला पत्र लिहिलं होतंस? मला कधी बोलली नाहीस. सहा महिने संध्याकाळी तू खिडकीत बसायचीस. मला वाटायचं बाबांची वाट बघतेस.

आता जे लिहायचं आहे त्यासाठी ही तीनही पत्रं लिहिली, हे मला आत्ता कळतंय.

तीन वर्षांपूर्वी दवाखान्याच्या जिन्यात, बाबा गेले त्या दिवशी, तू म्हणालीस, "बिचारे, न केलेल्या गोष्टीचं ओझं घेऊन गेले." आणि मी म्हणालो, "कबूल तर त्यांनी स्वतःच केलं होतं ना?" तू माझ्याकडे बघितलंस आणि एकटीच जिना उतरून गेलीस. त्यानंतर आजपर्यंत आपल्यात नळाच्या आणि गुडघ्याच्याच गोष्टी झाल्या.

ते रागाच्या भरात बोललो नव्हतो. मला तसंच वाटायचं. अगदी लहानपणापासून. शाळेत मुलं चिडवायची तेव्हा मी मनात म्हणायचो, कबूल केलं म्हणजे काहीतरी असणारच. वकील झालो, शेकडो लोकांसाठी उभा राहिलो, पण बाबांसाठी मनातसुद्धा उभा राहिलो नाही. आणि बाबांना ते कळत होतं. शेवटच्या वर्षी एकदा मला म्हणाले होते, "घेतलीही असतील मी, कोण जाणे. सही तर माझीच होती." मी म्हणालो, "जाऊ द्या ना बाबा, आता कशाला तो विषय?" त्यांनी मला विचारलं होतं ग. मावशीने विचारलं तसंच विचारलं होतं. माणूस स्वतःवरचा विश्वास गमावून बसला होता आणि पोटचा मुलगा, तोही वकील, समोर बसलेला असताना त्याने एवढंच ऐकायचं होतं की नाही, बाबा, तुम्ही नाही घेतली. तेवढं वाक्य मी त्यांना दिलं नाही.

आता त्यांच्यापर्यंत पोचवायला कुठलीच पेटी नाही. म्हणून तुला लिहितो. इतकी वर्षं तू एकटीच त्यांच्या बाजूने उभी होतीस.

बाबांनी तार घेतली नव्हती.

रविवारच्या पहिल्या बसने येतोय. या वेळी तुझ्याच थांब्यावर उतरेन. दुकानाचं दार उघडं ठेव.

तुझा धाकटा,
आणि उशिराने का होईना, बाबांचा मुलगा